कंदिलावर मारलेली फुंकर

"काय दिवे लावले?" असं कुणी खवचटपणे विचारलं तर उजळ माथ्याने उत्तर देऊ शकेल असा रत्नागिरीत मी एकटाच माणूस असेन. चौतीस वर्षं मी लायटिंगचा धंदा केला. लग्नं, गणपती, नाटकं, जत्रा, पुढाऱ्यांच्या सभा, देवळांचे उत्सव. किती दिवे लावले ते मोजलेलं नाही. पण आता निवांत बसलं की ते लावलेले दिवे आठवत नाहीत. आठवतात त्या दोन वेळा, जेव्हा मी दिवे विझवले. एकदा न विचारता आणि एकदा ठरवून. दोन्ही एकाच दिवशी. दिवाळी अंकात सगळे दिवे लावल्याचं लिहितात, एकाने विझवल्याचं लिहिलं तर संपादकांनी चालवून घ्यावं.

आधी धंद्याबद्दल थोडं सांगतो. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे असायचं काय? ट्यूबा, हॅलोजन, रंगीत बल्बांच्या माळा, ज्यांना आम्ही सिरीज म्हणतो, एक खोकणारा जनरेटर आणि खेड्यात जायचं तर डझनभर गॅसबत्त्या. गिऱ्हाईक एकच भाषा बोलायचं, उजेड जास्त पाहिजे. शेजाऱ्याच्या लग्नात चाळीस ट्यूबा होत्या तर आमच्याकडे पन्नास लावा. मलाही तेच पटलेलं होतं. उजेड जास्त म्हणजे काम चांगलं, यात विचार करण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटत नव्हतं.

पावस गावच्या एका आंबा बागायतदाराने मुलीच्या लग्नात हट्ट धरला की मांडवाभोवतीच्या प्रत्येक कलमावर सिरीज पाहिजे. महिना मोहराचा. मी लावल्या. संध्याकाळी बाग अशी झगमगली की रस्त्यावरून जाणारी एसटी थांबली. तासाभराने तुडतुडे आले. आंब्याच्या मोहरावरचा हा बारका किडा, त्याला उजेडाचं भारी वेड. पंगतीतल्या जिलबीवर, नवरदेवाच्या फेट्यावर, भटजींच्या उघड्या पाठीवर, जिथे बघाल तिथे तुडतुडे. त्या वर्षी त्यांचा मोहर गळला त्याचं खापरही माझ्यावर फुटलं. पुढे कित्येक वर्षं मी पावसला गेलो की ते गृहस्थ रस्ता ओलांडून पलीकडे जायचे.

दुसरी फजिती डिमरची. डिमर म्हणजे दिवा हळूहळू मंद किंवा प्रखर करायचं साधन. मुंबईच्या नाटक कंपन्यांकडे ते तयार असायचे, आम्ही ते घरी बनवायचो. सांडपाण्याचा चिनी मातीचा पाइप घ्यायचा, एका बाजूने सिमेंटने बंद करायचा, उभा करून त्यात पाणी भरायचं आणि पाण्यात चिमूटभर मीठ टाकायचं. तळाशी एक तांब्याची पट्टी आणि वरून दोरीने सोडलेली दुसरी. वरची पट्टी खाली सोडली की दिवा उजळतो, वर ओढली की मंदावतो. आज कुणी असलं काही करून बघू नये. आम्ही जिवंत राहिलो ही देवाची कृपा. तर मिरकरवाड्यात एकदा नाटक होतं आणि मी मीठ घरी विसरलो. एवढा समुद्र उशाशी असताना मीठ कसलं शोधायचं म्हणून मी जेटीवरून दोन बादल्या पाणी आणून पाइपात ओतलं. समुद्राचं मीठ चिमूटभर नसतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नायकाच्या आईच्या मरणाच्या प्रवेशात पाइप उकळू लागला, वाफ निघाली, फ्यूज उडाला. अंधारात आमचा टेम्पोवाला अन्वरभाई शांतपणे म्हणाला, "दादा, पानी बरं तापलंय. कोळंबी टाकू काय?"

हा अन्वरभाई मिरकरवाड्याचाच. माझं सगळं सामान त्याच्या टेम्पोतून जायचं. रस्त्यात एकच खड्डा असला तरी तो शोधून त्यातूनच टेम्पो काढणार, अशी त्याची ख्याती होती. माझ्या निम्म्या ट्यूबा कार्यक्रमाच्या ठिकाणी पोचेपर्यंतच गेलेल्या असायच्या. हे आत्ता सांगतोय कारण पुढे त्याचं काम आहे.

मुंबईच्या गिरण्यांच्या संपानंतर दोनेक वर्षांनी आमच्या शहरातल्या एका सांस्कृतिक मंडळाने तीन दिवसांचा उत्सव ठरवला. जिल्ह्यातल्या आपल्या मातीतल्या कला शहरातल्या लोकांना दाखवायच्या. खेड्यापाड्यातलं नमन, जाखडी, कातकऱ्यांचा नाच, सगळं एका मैदानावर, आणि रोज संध्याकाळी सुरुवातीला मैदानभर पणत्या. मंडळाचे सेक्रेटरी कॉलेजात शिकवायचे, त्यांना सगळे नुसतं सर म्हणत. सरांनी मला बोलावून सांगितलं, कला आणि प्रकाश यांचा उत्सव आहे, प्रकाशाची बाजू तुझी. माझी छाती फुगली. होतं नव्हतं ते सामान मी काढलं. स्टेजवर आठ हॅलोजन, कमानीवर सिरीज, पुढच्या खुर्च्यांवर ट्यूबा. तोपर्यंतचं माझं सगळ्यात मोठं काम.

दुसरा दिवस नमनाचा. परक्या वाचकांसाठी सांगतो, नमन किंवा खेळे म्हणजे आमच्या कोकणातल्या गावकऱ्यांचा खेळ. आधी गावातल्या आणि आजूबाजूच्या सगळ्या देवांना नमन, मग मृदंगावर नाच, संकासुर नावाच्या सोंगाच्या माकडचेष्टा, गण, गवळण, आणि अगदी शेवटी रावण. हा रावण म्हणजे लाकडाची दहा तोंडं आणि वीस हात असलेला मोठा सांगाडा. तो अंगावर बांधून एक माणूस नाचतो. रावण बघितल्याशिवाय कुणी घरी जात नाही.

बावनदीच्या पलीकडच्या एका वाडीतली बावीस माणसं त्या सकाळी एसटीने आली. गोधडीत गुंडाळलेला रावण टपावर होता. तो अंगावर घेणारा तुकाराम पस्तिशीचा, बारा वर्षं गिरणीत काढलेला, गिरणी बंद पडल्यावर गावी परत आलेला. आणि त्यांच्यात सगळ्यात म्हातारे सोनू आबा. डोक्याला मुंडासं, एका हातात वेताची काठी, दुसऱ्या हातात कंदील. तो कंदील भर दिवसा जळत होता. एसटीत कंडक्टरशी त्यावरून वाद झाला होता म्हणे. पेटता कंदील गाडीत चालणार नाही असं तो म्हणाला, तेव्हा बावीसच्या बावीस माणसं उतरून रस्त्यावर उभी राहिली आणि शेवटी कंडक्टरनेच हात जोडले. हे मला नंतर कळलं. सकाळी माझं तिकडे लक्षच नव्हतं.

अकराच्या सुमारास तालीम झाली. मी आठही हॅलोजन चालू केले. त्या उजेडात संकासुराच्या काळ्या झग्यावरची ठिगळं मोजता येत होती. रावण उभा राहिला तर रंगवलेली फळी उभी आहे असं वाटलं. लाकडाची चीर दिसली, काथ्याच्या गाठी दिसल्या, दहा तोंडांखाली घामाने भिजलेलं तुकारामचं अकरावं तोंड दिसलं. खुर्च्या मांडणारी कॉलेजची मुलं हसली. तुकाराम मधेच थांबला आणि रावण उतरवून बाजूला गेला. सरांनी मला हळूच विचारलं, की शेवटचा हा भाग जरा कमी करावा का. मी म्हटलं, करा. उजेडात काही कमी नाही ना, तेवढं मी बघत होतो आणि उजेडात काही कमी नव्हतं.

जेवायला जाण्यापूर्वी मांडवाची एक फेरी मारायची माझी सवय. मांडव म्हणजे सगळं कापड आणि बांबू. कुणाची बिडी, कुणाचा स्टोव्ह, एवढ्याने आग लागते. एका गावी कनात पेटताना मी डोळ्यांनी बघितली होती. त्या फेरीत स्टेजच्या मागे, अगदी कनातीला लागून, गाठोड्यांच्या मधे तो कंदील दिसला. पेटलेला. जवळ कुणी नाही. डोक्यावर बाराचं ऊन. माझं टाळकंच फिरलं. मी काच वर उचलली, फुंकर मारली आणि मोठ्याने ओरडलो, कुणाचा आहे हा कंदील, मांडव जाळायचाय का?

सोनू आबा नळावर तोंड धुवायला गेले होते. ओल्या हातांनी ते आले. त्यांनी कंदिलाकडे बघितलं, वातीतून निघणाऱ्या धुराच्या रेषेकडे बघितलं आणि तिथेच जमिनीवर बसले. ते रागावले असते तर मी दोन शब्द जास्त बोललो असतो. आता मीही खाली बसलो आणि विचारलं, आबा, काय झालं?

त्यांनी सांगितलं ते असं. हा रावण गावच्या शिवेबाहेर आजवर कधी गेला नव्हता. मंडळाचं बोलावणं आलं तेव्हा गावात दोन तट पडले. काहींचं म्हणणं, बाप्ये मुंबईहून परत आलेत, त्यांनी शेती बघावी, हे खेळ आता बंदच करा. काहींचं म्हणणं, जाऊन तरी बघू. शेवटी ग्रामदेवीला कौल लावला. देवीने जायला हुकूम दिला तो एका बोलीवर. तिच्या देवळातल्या नंदादीपाची ज्योत रावणाबरोबर गेली पाहिजे आणि जळती परत आली पाहिजे. रावणापुढे दिवटी धरायचा मान सोनू आबांच्या घराण्याचा. ते पुढे झाले आणि भरल्या देवळात शब्द देऊन बसले, की मी ज्योत नेईन आणि मी परत आणीन. आता ज्योत गेली. ज्योत नाही तर रावण उठणार नाही. आणि गावाला हे कळलं की शिमग्यालाही उठणार नाही, कारण खेळ बंद करायला टपलेल्यांना हेच हवं होतं. ज्या खेळासाठी शब्द दिला तो खेळच आबांच्या शब्दापायी बुडणार होता.

मी धंद्यातला माणूस, वाट काढायची सवय. इकडेतिकडे बघितलं. तिथे आम्ही दोघेच होतो. मी खिशातून काडेपेटी काढली आणि हळू आवाजात म्हटलं, आबा, कुणी बघितलेलं नाही, लावून टाका.

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "माचिस माझ्याकडं बी हाय, दादा. पेटवायला काय, वायच टायम लागंल. पन देवीनं इचारलं, ह्यो इस्तव कुटला आनलास, तर काय सांगू?"

आयुष्यात मला पुष्कळांनी शिव्या घातल्या आहेत, पण त्या प्रश्नाइतकं काही लागलं नाही. मी काडेपेटी परत खिशात घातली. मग विचारलं, ही ज्योत पुन्हा आणायची काही वाट आहे का? आबा म्हणाले, देवीला विचारावं लागेल. म्हणजे देवळात जाऊन पुन्हा कौल.

घड्याळात साडेबारा. त्यांचं नमन साडेसातला. मी अन्वरभाईला हाक मारली. सरांना एवढंच सांगितलं की रावणाचं एक सामान गावी राहिलंय, ते आणतो. खोटं बोललो असं मला वाटत नाही. तुकारामला मात्र खरं सांगितलं, कारण रावण त्यालाच अंगावर घ्यायचा होता. त्याने रावणाची एक सुटलेली गाठ आवळली. मग म्हणाला, गिरणी सुटल्यापासून घरात सगळे माझ्याकडे बसलेला माणूस म्हणून बघतात, रावण अंगावर असतो तेवढा वेळच मी बेकार नसतो. आणा दादा, एवढं म्हणून तो गेला.

आम्ही तिघे टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसलो आणि निघालो. हातखंबा, निवळी, घाट, बावनदीचा पूल आणि मग डावीकडे लाल मातीचा रस्ता. अन्वरभाईने जाताना नेहमीसारखीच गाडी हाणली. अडीचला आम्ही देवळात होतो.

देऊळ लहानसं, कौलारू, समोर जांभ्या दगडाचं अंगण. गुरव भात कांडायचं काम टाकून आला. बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि बघता बघता पन्नास माणसं जमली. गुरवाने देवीच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मग त्याने गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाण्यात माझी चूक आली. रत्नागिरीचा लायटवाला, अजाण मानूस, त्याच्या हातून तुझा दिवा इजला, त्याला आनी सोनूला पदरात घे. प्रत्येक वाक्यावर पन्नास जण म्हणत होते, व्हय म्हाराजा. सभेत पुढाऱ्यांची नावं घेतात तेव्हा मी माइकपाशी उभा असायचो. माझा स्वतःचा उल्लेख कुणी इतक्या मोठ्याने केलेला पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि तो असा.

पाकळ्या हलल्या नाहीत. पाव तास गेला, अर्धा तास गेला. गुरवाने पुन्हा पाणी शिंपडून पुन्हा विनवलं. काहीच नाही. पहिल्यापासून खेळाच्या विरोधात असलेला एक जण मागून म्हणाला, देवीचं उत्तर मिळालं, आता घरी चला. आबा खांबाला टेकून डोळे मिटून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. घड्याळात साडेतीन वाजले होते.

तेव्हा गुरव माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमच्या तोंडानं सांगा तुमी. फुकर तुमी मारलीत."

मला देवाशी बोलायची सवय नाही. मी देवळात जायचो तो शिडी आणि वायर घेऊन. शेवटी जे होतं तेच म्हटलं. म्हटलं, बाई, मी दिवे लावणारा माणूस आहे. भर दुपारी एक कंदील जळत होता, मला वाटलं, एवढा उजेड असताना हा कशाला? कुणाला विचारलं नाही. आबांची चूक नाही. शिक्षा करायची तर मला कर, त्यांचा शब्द मोडू नकोस.

'बाई' ऐकून कुणीतरी फिसकन हसलं. आणि त्या हसण्यातच उजवी पाकळी सुटली आणि खाली आली.

गुरवाने नंदादीपावरून वात पेटवून कंदील लावला. आबांनी हात पुढे केला, तर गुरव म्हणाला, ज्याने विझवला त्यानेच न्यायचा. कंदील माझ्या हातात आला. मघाशी मागून बोलणारा तोच माणूस पुढे येऊन म्हणाला, "आता आपटू नका म्हंजे झालं." तो आम्हाला टेम्पोपर्यंत पोचवायला आला.

येताना अन्वरभाई तोच माणूस राहिला नव्हता. मी मधे, कंदील दोन्ही पायांत धरून, बोटं काचेच्या तळाशी. तो प्रत्येक खड्ड्यापुढे थांबायचा, गिअर बदलायचा आणि बाळाला पाळण्यात ठेवावं तसा टेम्पो खड्ड्यात उतरवायचा. मी म्हटलं, अन्वरभाई, माझ्या ट्यूबा असताना हे कुठे होतं? तो म्हणाला, "ट्यूब फुटली तर बाजारात मिळते, दादा." थंडीचे दिवस, लवकर अंधार पडला आणि कंदिलाचा उजेड समोरच्या काचेवर पडू लागला, त्याला रस्ता दिसेना. मग मी आबांचं मुंडासं सोडून समोरच्या काचेच्या आणि कंदिलाच्या मधे पडद्यासारखं धरलं. निवळीच्या घाटात एका वळणावर ज्योत एकदम खाली गेली, निळी झाली. आम्ही तिघांनीही श्वास रोखला. ती परत वर आली.

हातखंब्याच्या पुढे आबा बोलू लागले. ते जे बोलले ते माझ्या धंद्यातलं खरं शिक्षण. म्हणाले, रावणाच्या तोंडावर उजेड मारायचा नसतो. दिवटी त्याच्या पायाशी धरायची आणि मागे मागे सरकायचं. तो नाचेल तसं आपण हलायचं. मग वीस हात देवळाच्या भिंतीवर जातात, गावभर जातात, पोरं आयांच्या कुशीत शिरतात. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "सकाळी तुमी इतके दिवे लावलाव, त्यात रावन हुता कुटं?"

सकाळी हसलेल्या मुलांची काही चूक नव्हती, हे तेव्हा मला कळलं. रावण लाकडाचा होताच. त्याला रावण करणारा माणूस स्टेजमागे कंदील घेऊन बसला होता आणि मला वाटलं होतं, आपण असताना याची काय गरज.

सातला दहा मिनिटं असताना आम्ही मैदानावर पोचलो. पणत्या लागल्या होत्या, खुर्च्या भरल्या होत्या, पाहुणे येऊन बसले होते. मी सरांना गाठलं आणि सांगितलं, रावण स्टेजवर नको, खाली जमिनीवर नाचेल, खुर्च्यांच्या मधली जागा मोकळी करा. आणि त्या वेळी मी सगळे दिवे घालवणार आहे. सर म्हणाले, अरे, प्रकाशाचा उत्सव आहे. पाहुण्यांसमोर अंधार करून माझी शोभा करणार आहेस का? मी म्हटलं, पाच मिनिटं द्या, नाही जमलं तर यापुढे मला काम देऊ नका. धंदेवाल्याने असं बोलायचं नसतं. बोलून गेलो. सर घड्याळ बघत म्हणाले, पाचच मिनिटं.

नमन, गण, गवळण नेहमीच्या उजेडात झाली. लोकांना आवडली. मग मृदंगाची लय बदलली. मी डिमरच्या पाइपांपाशी बसलो होतो. एकेक दोरी हातात घेऊन वर ओढू लागलो. हॅलोजन पिवळे झाले, मग तांबडे, मग गेले. पुढच्या ट्यूबा घालवल्या. कमानीवरची सिरीज राहिली होती, ती माझी हौस, तिचाही खटका खाली ओढला. मैदानात फक्त पणत्या. मागून शिट्ट्या आल्या, कुणी ओरडलं, लाइट गेली. सरांचा माणूस अंधारात ठेचकाळत माझ्याकडे आला. मी त्याला हाताने थांब म्हटलं. माझ्या दोन्ही बाजूंना आगीसाठी भरून ठेवलेल्या वाळूच्या बादल्या होत्या.

आबांनी कंदिलावरून दिवटी पेटवली. मुंडासं परत डोक्यावर, पाठ ताठ. ते मागे मागे सरकत आले आणि त्यांच्या पुढे, त्या एका ज्योतीच्या वर, रावण आला. सकाळची ती फळी कुठे गेली होती कोण जाणे. दहा तोंडांतली कधी तीन दिसत, कधी सात, आणि न दिसणारी जास्त भीती घालत होती. आबा डावीकडे वाकले तशी वीस हातांची सावली कनातीवरून सरकली, मांडवाच्या छतावर चढली, पाहुण्यांच्या अंगावरून गेली. कुठेतरी एक मूल भोकाड पसरून रडलं. शिट्ट्या केव्हाच बंद झाल्या होत्या. घुंगरांचा आणि मृदंगाचा आवाज सोडला तर मैदानात कसलाही आवाज नव्हता. आणि मी, लायटिंगवाला, सगळे दिवे घालवून बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हे तेव्हा कुणाला दिसलं नाही.

पाच मिनिटांचं ठरलं होतं. वीस मिनिटं रावण नाचला. सरांचा माणूस मला थांबवायला आला होता, तो माझ्या शेजारी उकिडवा बसून बघत राहिला. संपल्यावर मी दिवे लावायला हात उचलला तर मागून सर म्हणाले, "राहू दे रे थोडा वेळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीच्या मंडळींना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. कंदील जळत होता. कंडक्टर कालचाच निघाला. तो रात्री बायकोमुलांना घेऊन नमनाला आला होता. त्याने आबांना पुढच्या सीटवर बसवलं, खिडकीची काच स्वतः ओढून घेतली आणि घंटी मारण्यापूर्वी ड्रायव्हरला सांगितलं, दमानं घे. चार दिवसांनी तुकारामचं पोस्टकार्ड आलं. ज्योत देवळात पोचली, आबांनी आपल्या हाताने ती नंदादीपात मिळवली, आणि शिमग्याला रावण उठणार.

आता थोडं माझ्याविरुद्धही लिहितो. त्यानंतर मी शहाणा झालो असं नाही. पुढच्या काळात गावोगावच्या खेळ्यांना रंगीत फिरते दिवे पहिल्यांदा भाड्याने देणारा मीच. गिऱ्हाईक मागतं म्हणून दिले. आज कुठे नमनात हिरव्या-जांभळ्या झोतात गवळण नाचताना बघितली की मान खाली जाते. पोट होतं, एवढंच सांगू शकतो.

पण त्या वाडीने मला सोडलं नाही. सोनू आबा जाऊन बरीच वर्षं झाली. दिवटी आता त्यांची नात धरते, ती गावातल्या शाळेत मास्तरीण आहे. बाईमाणसाने दिवटी धरावी का, यावरही कौल लावला होता आणि उजवी पाकळी लगेच पडली म्हणे. तुकारामच्या मुलाने रावण अंगावर घेतलाय. गावात वीज आली, देवळासमोर खांब आले, अंगणात पांढरेफेक दिवे आले. ते बसवायला मी गेलो नव्हतो.

मला बोलावणं येतं ते शिमग्याला. पूर्वी पोस्टकार्ड यायचं, आता फोन येतो. माझं वय झालं, गुडघे बोलतात, तरी अन्वरभाईचा मुलगा गाडी घेऊन येतो आणि मी जातो. अंगणाच्या कडेला, मीटरच्या पेटीखाली माझ्यासाठी खुर्ची मांडलेली असते. खटका कुणीही ओढू शकेल, शेजारी बसलेलं पोरही. पण कुणी हात लावत नाही. मृदंगाची लय बदलते. आबांची नात कंदिलावरून दिवटी पेटवून उभी राहते. आणि म्हातारा झालेला तुकाराम अंगणाच्या त्या टोकावरून मला हाक मारतो, "दादा, इजवा आता."

आणि मी विझवतो.